पेशंट नको, बाटली फिरवा

धर्माबाद हे नाव पुण्यात कुणी ऐकलेलं असलंच तर दोन कारणांनी. एक, लाल मिरची. दोन, बाभळी बंधारा. जुलै २०१० मध्ये बंधारा बघायला निघालेल्या चंद्राबाबू नायडूंना आणि त्यांच्या आमदारांना आपल्या पोलिसांनी धर्माबादेत अडवून ठेवलं होतं, तेव्हा काही दिवस गावाचं नाव टीव्हीवर होतं. माझं ते आजोळ. पुढचं स्टेशन बासर, म्हणजे तेलंगण. नांदेडपेक्षा निजामाबाद जवळ.

आज लिहायचंय ते मात्र मिरचीबद्दल नाही आणि पाण्याबद्दलही नाही. तोंडाच्या कॅन्सरबद्दल लिहायचंय. विकांताला हा कसला विषय असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं, मी रागावणार नाही. पण घरात कुणी तंबाखू किंवा सुपारी खाणारं असेल तर थांबा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको. आपल्याकडे अर्धा जबडा काढायचे पैसे सरकार देतं, पण "आ करा" म्हणायला तालुक्यात माणूस नाही. तो माणूस आणि फॉर्मालिनची एक बाटली तालुक्याला मिळाली तर अर्धे जबडे वाचतील. बाकी सगळं, म्हणजे रॅल्या, शपथा, ॲप, नव्या इमारतींच्या कोनशिला, हे त्यानंतर.

आता मामांची गोष्ट. मामा मिरचीच्या अडतीवर मुनीम. वय बावन्न. पंचवीस वर्षं तंबाखू आणि सुपारी. आधी चुना लावून मळलेली, मग गुटख्याची पुडी, आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आल्यावर दोन पुड्या. एक पानमसाल्याची, एक तंबाखूची. दोन्ही एकत्र करून हलवल्या की झाला गुटखा. कायदा पाळूनही मोडता येतो याचं इतकं स्वस्त उदाहरण दुसरं नसेल.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मामांना तिखट सोसेनासं झालं. आता ज्या गावात मोसमात अडतीवरून नुसतं चालत गेलं तरी शिंका येतात, तिथे 'तोंड भाजतंय' ही काय तक्रार झाली? मामींनी भाजीतलं तिखट कमी केलं. विषय संपला. जूनच्या पहिल्या आठवड्यात डाव्या गालाच्या आत फोड आला. मेडिकलवाल्याने लावायला जेल आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. जुलैत एका डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, मग आणखी भारी अशा पाच दिवसांच्या. ऑगस्टमध्ये त्याच बाजूची दाढ हलू लागली, ती एकाने काढून टाकली. सप्टेंबर गेला तरी दाढेची जागा भरेना. मग जबड्याखाली मानेत गाठ लागली, सुपारीएवढी. (नियतीला विनोदबुद्धी असते, पण ती जरा हलक्या दर्जाची असते.) शेवटी मामेबहिणीने भांडून त्यांना नांदेडला नेलं. २३ ऑक्टोबरला तुकडा काढला. नऊ दिवसांनी रिपोर्ट आला.

फोड आल्यापासून तुकडा काढेपर्यंत एकशे चाळीस दिवस. मी मोजलेत. मोजणं एवढं एकच काम मला बऱ्यापैकी येतं.

या एकशे चाळीस दिवसांत मामांना कुणी हाकलून दिलं नाही हे लक्षात घ्या. कुणी पैसे उकळले नाहीत, कुणी उद्धट बोललं नाही. उलट प्रत्येकाने काहीतरी केलं, आणि घोळ नेमका तिथेच आहे. प्रत्येकाने काहीतरी दिल्यामुळे प्रत्येक वेळी आणखी दोन-तीन आठवडे "गुण येतोय का बघू" यात गेले. बॅटरी लावून, गाल बाजूला करून, बोटाने चाचपून मात्र दाढ काढणाऱ्याखेरीज कुणी पाहिलं नाही. आणि ज्याने पाहिलं त्याला दाढ दिसली.

मामांना विचारलं, एवढे दिवस गप्प का बसलात? तर म्हणाले, "दुखंना तर डाक्टरकडं कामून जाऊ?" हे वाक्य मी मराठवाड्यात इतक्या वेळा ऐकलंय की ते एखाद्या फलकावर लिहायला हरकत नाही. तोंडातला कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. दुखणारा, अचानक आलेला, पिवळट तळाचा तोंड येण्याचा फोड आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. न दुखणारा, कडेने कडक लागणारा, हलायचं नाव न घेणारा फोड हाच काळजीचा. नियम सोपा आहे. तोंडातला कुठलाही फोड, पांढरा किंवा लाल चट्टा दोन, फार तर तीन आठवड्यांत गेला नाही तर त्याचा तुकडा तपासायचा. तिसरी अँटिबायोटिक द्यायची नाही, दाढ काढायची नाही. आधी तुकडा.

थोडं सुपारीबद्दल. "मी तंबाखू नाही हो खात, नुसती सुपारी" हे सांगणारे लोक, त्यात बायकाही आल्या, स्वतःला सुरक्षित समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही, माणसात कॅन्सर घडवणारा पदार्थ ठरवलंय. सुपारीने गालाचं आतलं अस्तर हळूहळू कडक, पांढुरकं होतं. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्याची पहिली खूण कोणती? तिखट न सोसणं. म्हणजे एप्रिलमध्ये मामांचं तोंड जे सांगत होतं ते अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे होतं. दुसरी खूण तोंड कमी उघडणं. आत्ता वाचता वाचता करून बघा: आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का? मामांची तेव्हा दीड बोटं जात होती आणि ते म्हणायचे की वयाने जबडा आखडतो. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. सुपारीच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी नंतर जाहीरपणे बोलून दाखवलाय. एवढा मोठा माणूस स्वतःच्या तोंडाबद्दल जाहीर बोलतो आणि आपण अडतीवरच्या हमालाला "आ कर" म्हणायला लाजतो.

आता तुकडा काढणं म्हणजे काय ते सांगतो, कारण या शब्दाला लोक ऑपरेशनपेक्षा जास्त घाबरतात. फोडाच्या कडेला भूल द्यायचं इंजेक्शन. दात काढताना देतात तेच. मग काही मिलिमीटरचा एक तुकडा, कडेचा, म्हणजे थोडा चांगला भाग आणि थोडा वाईट भाग त्यात येईल असा. दाबून धरलं की रक्त थांबतं. तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत. पंधरा-वीस मिनिटांचं काम. चौथ्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर लागत नाही, दातांच्या डॉक्टरची खुर्ची पुरते.

आणि "तुकडा काढला की पसरतो" हे! धर्माबादपासून देगलूरपर्यंत आणि उदगीरपासून निलंग्यापर्यंत ही एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तीन जण शपथेवर सांगतील की अमक्याचा तुकडा काढला आणि तो सहा महिन्यांत गेला. अहो, तो तुकडा काढल्यामुळे गेला नाही. तुकडा पाच महिने उशिरा काढल्यामुळे गेला. तुकडा जिथून काढतात तो सगळा भाग नंतर ऑपरेशनमध्ये भोवतालच्या चांगल्या कातडीसकट जाणारच असतो. पसरवायचं काम उशीर करतो, आणि त्याला कुणी घाबरत नाही.

मामांचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात. तोवर गाठ चार सेंटिमीटरच्या पुढे गेली होती आणि खालच्या जबड्याच्या हाडात शिरली होती. म्हणजे चौथा टप्पा. काय काय करतात ते ऐका. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी. गालाचा आतला भाग आणि जबड्याचा डावा तुकडा, भोवती सेंटिमीटरभर निरोगी भाग धरून, एकसंध काढायचा. कडा साफ आहेत का ते ऑपरेशन चालू असतानाच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यायचं. मग मानेच्या त्या बाजूच्या लसिकाग्रंथी, हनुवटीखालपासून गळपट्टीच्या हाडापर्यंत. यात खांदा उचलणारी नस, जिभेच्या नसा, मेंदूकडे रक्त नेणारी धमनी हे सगळं वाचवत जायचं. मग पडलेलं भगदाड भरायचं. मामांना छातीचा स्नायू कातडीसकट सोडवून, गळपट्टीच्या हाडावरून वर फिरवून गालात बसवला. हे तंत्र १९७९ पासूनचं आहे आणि आपल्याकडे जिथे गर्दी जास्त आणि वेळ कमी तिथे आजही तेच कामाला येतं. जिथे जमतं तिथे पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, त्याला जबड्याचा आकार देऊन, दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवून नवा जबडा करतात. हे वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. आम्ही एक सर्व्हर हलवायचा तर महिनाभर मीटिंगा घेतो.

म्हणजे सर्जन कमी पडत नाहीत. उलट तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल जगाला जे धडे मिळालेत त्यातला एक मोठा धडा परळमधून गेलाय. प्रश्न जुना होता: तोंडातली गाठ छोटी आहे, मानेला हाताला काही लागत नाही, तरी मानेच्या ग्रंथी काढायच्या, की वाट बघायची आणि गाठ आली तर काढायच्या? पन्नास वर्षं सर्जन लोक यावर वाद घालत होते. टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून हे तपासलं. पाचशे रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये छापून आला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वाद बराचसा मिटला.

या निकालाकडे मी धर्माबादच्या बाजूने बघतो. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, तोंडातली जखम छोटी असतानाच रोग कधीकधी मानेत जाऊन बसलेला असतो, बोटाला न लागता. म्हणजे "अजून छोटीच आहे, दिवाळी झाल्यावर बघू" याला अर्थ नाही. दुसरी, पहिलं ऑपरेशन पूर्ण झालं पाहिजे. "सध्या इथेच वरच्यावर काढून घेऊ, पुढचं पुढे" असं करून आलेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर बघतात तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही. कडा कुठे होत्या, खोली किती होती, सगळं पुसलेलं असतं. तुकडा गावात काढा, गाठ मात्र गावात काढू नका. हा फरक मला समजायला पुष्कळ दिवस लागले, म्हणून ठळक करून सांगतोय.

ऑपरेशननंतर मामांना शेक दिला. तीस बैठका, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. त्यासाठी धर्मशाळेत राहणं, लाळ आटणं, चव जाणं, नाकातल्या नळीतून पेज. मामा जगले आहेत. बोलणं अर्धं कळतं. भाकरी आणि ठेचा संपला, आता सगळं मिक्सरमधून. अडतीच्या मालकाने चांगुलपणाने कामावर परत घेतलं, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं काम दुसऱ्याला दिलं.

हेच जूनमध्ये, जखम नखाएवढी असताना सापडलं असतं तर? तोंडातूनच जखम काढली असती, मानेच्या ग्रंथी काढल्या असत्या, हाड बहुतेक राहिलं असतं. शेक लागलाही नसता कदाचित. मामांच्या बाबतीत खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. पण पहिल्या टप्प्यात सापडलेले बहुतेक लोक पाच वर्षांनी जिवंत असतात आणि चौथ्या टप्प्यातले बहुतेक नसतात, हे कुठल्याही देशात तसंच आहे. आणि आपल्या मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त लोक तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातच पोचतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार लोकांना ओठ-तोंडाचा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार मरतात.

आता पैशाचं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीच हिशेब मांडलाय: सुरुवातीच्या टप्प्यातल्या एका रुग्णाच्या उपचाराचा खर्च सुमारे १ लाख १७ हजार, पुढच्या टप्प्यातल्याचा सुमारे २ लाख ३ हजार. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. डिझाइनमध्ये सापडलेला बग फुकट, गिऱ्हाइकाकडे सापडलेला बग रविवार खाऊन जातो. फक्त इथे रविवार जात नाही, जीभ जाते.

आणि यातला बराच पैसा सरकारच देतं. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. (गुटखाबंदीही त्याच महिन्यातली. योगायोग.) पुढे २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. योजना चांगली आहे. तिच्यामुळे आमचं शेत विकायचं राहिलं, खोटं कशाला बोलू. पण ती पावते भरती झाल्यावर. ऑपरेशनला पैसे, शेकाला पैसे. त्याआधीचे एकशे चाळीस दिवस, म्हणजे मेडिकलवाला, दोनदा बदललेली गोळी, दाढ, नांदेडच्या चकरा, त्या दिवशीचा बुडालेला रोज, हे सगळं माणसाच्या खिशातून. गरीब माणूस रोगाच्या सुरुवातीला स्वतःच्या पैशाने हिंडतो आणि शेवटी सरकारच्या पैशाने कापला जातो. उलटं असायला हवं होतं.

"लोकांमध्ये जागृतीच नाही हो" हे ऐकून मला आता राग येतो. जागृती कसली? गेली कित्येक वर्षं पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो आहे. मामा रोज चार वेळा तो फोटो बघत होते. तंबाखूने कॅन्सर होतो हे मामांना चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी फोड लपवला. सगळे मिळून बोलतील, बघा, सांगत होतो ना, म्हणून. ही तुमची जागृती. आणि वर बसलेल्यांची जागृती केवढी? आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरने गेले, सत्तावन्नाव्या वर्षी. त्यानंतरच्याच महिन्यात आपल्याच नगरचे खासदार दिलीप गांधी, जे तेव्हा लोकसभेच्या संबंधित समितीचे अध्यक्ष होते, म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही. पुडीवरचा मोठा इशारा तेव्हा लांबला आणि १ एप्रिल २०१६ ला लागू झाला. भारतीय अभ्यास नाही? १९७२ साली फली मेहता आणि मंडळींनी महाराष्ट्रातल्या १ लाख १ हजार ७६१ खेडुतांची तोंडं तपासून निष्कर्ष छापले होते. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी, परदेशातलं नव्हे.

त्या १९७२ च्या आकड्याकडे पुन्हा बघा. पन्नास वर्षांपूर्वी लाखभर खेडुतांना कुणीतरी "आ करा" म्हणालं. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या लोकांना विचारलं की कॅन्सरसाठी तुमचं तोंड कधी कुणी तपासलंय का, तर हो म्हणणाऱ्या बायका ०.९ टक्के, पुरुष १.२ टक्के. शंभरात एक! कागदावर तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी आहे. आशाताईंच्या फॉर्ममध्ये तंबाखूचा प्रश्न आहे, न भरणाऱ्या फोडाचा आहे, तोंड न उघडण्याचाही आहे. फॉर्म चांगला आहे हो. पण आशाताईने 'होय' वर खूण केली की पुढे काय? चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन नांदेड. दिवस मोडला. तिथे आज तुकड्याचा वार नसेल तर पुन्हा चिठ्ठी.

नुसतं बघण्याने फरक पडतो का? पडतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून तेरा पंचायत विभागांत याची चाचणी झाली, पावणेदोन लाखांहून जास्त लोकांवर. बघणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक होते. उजेड आणि डोळे, बस. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. सगळी लोकसंख्या धरली तर फरक तितका ठाम नव्हता, हेही सांगायला हवं. म्हणजे सगळ्यांना बघत बसू नका, खाणाऱ्यांना बघा. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत शंभरातले चोवीस प्रौढ धूर न काढणारी तंबाखू घेत होते. ते कुठे सापडतात हे मामांच्या अडतीवर कुणालाही विचारा.

आता माझ्या जातभाईंबद्दल, म्हणजे संगणकवाल्यांबद्दल. एका जुन्या मित्राची कंपनी मोबाइलवर तोंडाचा फोटो काढून 'धोका आहे/नाही' सांगणारं ॲप करतेय. मला म्हणाला, तुझ्या मामांचे फोटो दे, ट्रेनिंगला लागतील. मी दिले. पण एक सांगतो, मामांचा जूनमधला फोड ओळखायला न्यूरल नेटवर्क लागत नव्हतं. बॅटरीच्या उजेडात तो मलाही दिसला असता, आणि मी जावा लिहितो. ॲपने लाल दिवा दाखवल्यावर खाली काय येणार? 'कृपया जवळच्या तज्ज्ञांना भेटा.' जवळचे तज्ज्ञ नांदेडला. झालं, फिरून तिथेच. आशाताईने काढलेला फोटो डॉक्टरकडे जावा, इथपर्यंत ठीक आहे. पण रांग जिथे तुंबलीय तिथे काही न करता दुसऱ्याच टोकाला प्रोसेसर वाढवणारा माणूस आमच्याकडे इंटरव्ह्यूत नापास होतो.

रांग तुकड्यापाशी तुंबलीय. म्हणून तुकडा तालुक्याला काढा. ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरचं पद असतं. ते भरा. त्याला आठवड्यातला एक वार द्या, बाजाराचाच वार, म्हणजे माणूस गावात आलेलाच असतो. भुलेचं इंजेक्शन, तुकडा काढायचं हत्यार, टाका, फॉर्मालिनच्या बाटल्या. तुकडा फॉर्मालिनमध्ये पडला की दोन-तीन दिवस प्रवासात गेले तरी बिघडत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पॅथॉलॉजीचे विभाग आहेत. बाटली एस.टी.ने जाऊ द्या. एस.टी.ने लग्नाचा बस्ता जातो, आंब्याच्या पेट्या जातात, बाटली का नाही जाणार? रिपोर्ट मोबाइलवर येऊ द्या, आणि कॅन्सर निघाला तर माणूस फक्त तेव्हा हलवा, हातात रिपोर्ट आणि तारीख देऊन. शंभर चट्ट्यांत बरेचसे कॅन्सर नसतील. चांगलंच आहे की. शंभर माणसांना नांदेडला पिटाळण्यापेक्षा शंभर बाटल्या पाठवणं स्वस्त.

यावर एका डॉक्टर मित्राने दोन आक्षेप घेतले. पहिला, रक्तस्राव झाला तर तालुक्याचा डॉक्टर अडचणीत येईल. रोज दाढा काढणाऱ्याला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे. दुसरा आक्षेप मला पटला: रिपोर्ट आल्यावर माणूस पळाला तर? बुवाकडे गेला, झाडपाल्याकडे गेला तर? जातात. त्यासाठी रिपोर्ट सांगायला कागद नको, माणूस हवा, आशाताई किंवा जो कुणी घर ओळखतो तो. यावर माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आणि "आधी तंबाखू बंद करा, मुळावर घाव घाला" म्हणणाऱ्यांना: घाला. मी तुमच्याबरोबर आहे. पण मामांनी पंचवीस वर्षांत जे खाल्लं ते खाऊन झालंय. त्यांच्या वयाचे हजारो लोक तालुक्यात आहेत, त्यांनी उद्या सोडली तरी काहींच्या गालात पुढची दहा-पंधरा वर्षं चट्टे येत राहणार. त्यांना कोण बघणार?

गेल्या महिन्यात मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. तीन प्रश्न. नांदेड जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात गेल्या वर्षभरात तोंडाचे किती तुकडे काढले? दातांच्या डॉक्टरचं पद कुठे भरलेलं आहे? तुकडा काढल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत सरासरी किती दिवस? उत्तर आलं की इथे टाकीन.

हे सगळं लिहून मामांना वाचायला पाठवलं होतं. बोलणं नीट कळत नाही म्हणून ते हल्ली अडतीच्या पावतीच्या मागे लिहून फोटो पाठवतात. त्यांच्या त्याच मुनिमी अक्षरात आलं: "फोड २८ मेला आला व्हता. जून नाही. मामीच्या भावाकडं लगीन व्हतं, जेवता आलं नाही. हिशेब नीट मांड."

एकशे अठ्ठेचाळीस दिवस.